कुलपाला तेल कशासाठी?

पत्र:

प्रिय ताई,
बारावीनंतर साहित्य हाच विषय घेऊन शिकायचं मी ठरवलंय. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला दोन महिने उरलेत. अभ्यासक्रमात अभिजात नाटकं, कादंबऱ्या, कविता आहेत आणि शिवाय न वाचलेला उतारा. गाइडमधून मी प्रतीकांची अख्खी यादी पाठ केली. पांढरा म्हणजे पावित्र्य, लाल म्हणजे हिंसा, पाऊस म्हणजे दुःख, रस्ता म्हणजे आयुष्य. सराव परीक्षेत ती सगळी वापरली, तरी वीसपैकी सात! सरांनी समासात पाच ठिकाणी एकच शब्द लिहिलाय: 'आधार?' माझी मैत्रीण म्हणते, हे सगळं समीक्षकांनी उकरून काढलेलं असतं, लेखकाच्या मनातसुद्धा नसतं. मग खरं काय? कुठली वस्तू प्रतीक आणि कुठली नुसतीच वस्तू, हे ओळखायचं कसं? आणि 'आशयसूत्र स्पष्ट करा' असा प्रश्न आला की मी एक शब्द लिहून अडते. काय करू?
– यादीवाली

प्रिय यादीवाली,

आधी तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. त्यांनी एका शब्दात तुझं दुखणं धरलंय. मी आता जे काही लिहिणार आहे ते त्या एका शब्दाचंच भाष्य समज.

मीही कधीकाळी यादीवालीच होते. पदवीच्या पहिल्या वर्षी परीक्षेत एक अनोळखी कविता आली. तिच्यात पाऊस होता, मी खूश. 'पाऊस हे दुःखाचे प्रतीक आहे' असं ठोकून दिलं आणि त्यावर दीड पान रचलं. कवितेतली माणसं मात्र भांडीकुंडी टाकून अंगणात भिजायला धावत सुटली होती. परीक्षकांनी समासात विचारलं होतं, 'इथे रडतंय कोण?' त्या प्रश्नाला आजतागायत माझ्याकडे उत्तर नाही.

यादीतले अर्थ खोटे असतात असं नाही. पांढऱ्या रंगाला पावित्र्याचा अर्थ बऱ्याच परंपरांमध्ये आहे. गडबड अशी की तो अर्थ पुस्तकाच्या बाहेर, सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून पडून असतो. लेखक त्याला उचलतो, वाकवतो, कधी उलटा करून ठेवतो. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही १८५१ सालची कादंबरी घे. तिच्यातला देवमासा पांढरा आहे, आणि त्या पांढरेपणावर लेखकाने एक संपूर्ण प्रकरण, बेचाळिसावं, खर्च केलंय. पांढरा रंग पवित्र कुठे कुठे मानतात याची भली मोठी जंत्री तो आधी देतो, आणि मग विचारतो की तरीही या रंगात एवढी धडकी भरवणारं काय आहे? म्हणजे तुझ्या गाइडमधली ओळ मेलव्हिलला ठाऊक होती. तो तिथून पुढे निघाला. तू तिथेच थांबलीस, म्हणून सात गुण.

आता तुझा मुख्य प्रश्न. वस्तू प्रतीक झाली हे कशावरून कळतं?

माझी पद्धत साधी आहे. वस्तूला आधी वस्तू म्हणूनच बघायचं. ती पुन्हा येते का? आली तर कुणाच्या हातात, कुणाच्या नजरेत? आणि पहिल्या वेळी होती तशीच ती शेवटच्या वेळी राहिलीय का? यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे आणि मुलं नेमका तोच सोडून देतात.

शेक्सपिअरचं 'मॅक्बेथ' तुमच्या अभ्यासक्रमात असेल-नसेल, गोष्ट तुला माहीत असेलच, म्हणून त्यावरच दाखवते. त्या नाटकात रक्त पानोपानी आहे. यादीप्रमाणे रक्त म्हणजे हिंसा, संपलं उत्तर. पण रक्त पहिल्यांदा येतं कुठे ते बघ. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजा डंकन येतो आणि त्याचं अगदी पहिलं वाक्य समोरच्या रक्तबंबाळ माणसाबद्दल आहे. तो आहे रणांगणातून आलेला जखमी सैनिक. राजाचा सेनापती मॅक्बेथ याने शत्रूला कसं उभं चिरलं, याचं वर्णन तो करतो आणि राजा ते ऐकून खूश होतो. सैनिकाला म्हणतो, तुझ्या शब्दांइतक्याच तुझ्या जखमाही तुला शोभतात, दोन्हींतून मानमरातब दिसतो. म्हणजे नाटक सुरू होतं तेव्हा रक्त ही अब्रूची खूण आहे! कुणाचं सांडलं आणि कुणासाठी सांडलं, यावर तिथे सगळं ठरतं.

मग दुसऱ्या अंकात तोच हात त्याच राजाचा खून करतो. मॅक्बेथ हाताकडे बघून म्हणतो, सगळा समुद्र ओतला तरी हे धुतलं जाईल का, उलट माझा हातच समुद्र लाल करून टाकेल. त्याची बायको लेडी मॅक्बेथ त्याला झटकून टाकते. थोडंसं पाणी घेतलं की झालं, असं तिचं म्हणणं. ही दोन वाक्यं एकाच प्रवेशातली आहेत, त्यांच्याखाली पेन्सिलने रेघ ओढून ठेव.

पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालते आहे आणि हात चोळते आहे. तिची दासी वैद्याला सांगते की पाव पाव तास हिचं हे असं चालतं. हातावर रक्ताचा थेंब नाही, धुवायला समोर पाणीही नाही. तिला डाग दिसतो, वास येतो, आणि अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी हा हात सुवासिक होणार नाही असं ती म्हणते. समुद्राची भाषा नवऱ्याची होती, चमचाभर पाण्याची हिची. शेवटी समुद्राएवढी अत्तरं मागायची वेळ हिच्यावर आली.

आता उत्तर लिहायला बस. 'रक्त हे हिंसेचे प्रतीक आहे' असं तुझ्या हातून लिहिलंच जाणार नाही. तू लिहिशील: नाटकाच्या सुरुवातीला रक्त अंगावर मिरवलं जातं, मध्यावर ते धुवायचं असतं, आणि शेवटी ते दिसत नसतानाही जात नाही. बाहेरची खूण हळूहळू आतली होते. हे तीन टप्पे तीन जागांवर बोट ठेवून दाखवता येतात, आणि सर विचारतात तो आधार म्हणजे हेच बोट.

दुसरं उदाहरण देते कारण त्यात एक गंमत आहे. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५) या कादंबरीत पाण्यापलीकडच्या धक्क्यावर एक हिरवा दिवा आहे. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नायक गॅट्सबी अंधारात त्या दिशेने हात पसरून उभा असतो. गाइडं म्हणतात, हिरवा दिवा म्हणजे आशा. ठीक आहे. पण पाचव्या प्रकरणात, ज्या डेझीच्या धक्क्यावर तो दिवा आहे, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती प्रत्यक्ष शेजारी उभी असताना गॅट्सबी तिला त्या दिव्याबद्दल सांगतो, आणि निवेदकाच्या मनात येतं की त्या दिव्याचं प्रचंड महत्त्व आता कायमचं संपलं असावं. तो पुन्हा धक्क्यावरचा एक दिवा झाला. म्हणजे प्रतीक होणं हा त्या दिव्याचा गुण नव्हताच. ते दिवा आणि बघणारा यांच्यातल्या अंतरातून आलं होतं, आणि अंतर मिटलं तसं गेलं. परीक्षकाला हवी असते ती ही जागा.

त्याच कादंबरीत चष्म्याआड दोन प्रचंड डोळे रंगवलेला एका नेत्रवैद्याचा फलक आहे. राखेने भरलेल्या उजाड जागेवर तो उभा आहे. बायको मेल्यावर तिथला गॅरेजवाला विल्सन त्या डोळ्यांकडे बघत म्हणतो, देव सगळं बघतो. शेजारी त्याला समजावतो की अरे, ती जाहिरात आहे. तुझं आणि तुझ्या मैत्रिणीचं भांडण फिट्झजेराल्डने कादंबरीतच लावून ठेवलंय! आणि निकाल दिलेला नाही. अशा ठिकाणी 'फलक हे देवाचे प्रतीक' एवढंच लिहिणारा विद्यार्थी विल्सनच्या बाजूने बोलतो, आणि शेजाऱ्याचं वाक्य त्याने वाचलेलंच नसतं. देव उरला नाही म्हणून माणसं जाहिरातीत देव शोधतात, असं म्हटलंस तर दोघांचंही ऐकल्यासारखं होईल.

मैत्रिणीच्या शंकेला मी उडवून लावणार नाही, कारण ती खुद्द लेखकांनीही घेतलेली आहे. 'द ओल्ड मॅन अँड द सी' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९५२ मध्ये, हेमिंग्वेने बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकाला पत्र लिहून सांगितलं की यात प्रतीकबितीक काही नाही, समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, शार्क म्हणजे शार्क. आणि १९६३ मध्ये ब्रूस मॅकॲलिस्टर नावाच्या सोळा वर्षांच्या अमेरिकन मुलाने, शिक्षकांच्या प्रतीकशोधाला कंटाळून, दीडशे लेखकांना चार प्रश्न पाठवले. तुम्ही प्रतीकं मुद्दाम पेरता का, असा त्याचा रोख होता. जवळजवळ निम्म्यांनी उत्तर दिलं. रे ब्रॅडबरीने कळवलं की मी जाणूनबुजून असलं काही करत नाही. इतर काहींची उत्तरं वेगळी होती. तोच मुलगा पुढे स्वतः विज्ञानकथालेखक झाला.

तर मग समीक्षक उकरून काढतात हेच खरं? थांब जरा. ब्रॅडबरी म्हणतो की मी मुद्दाम करत नाही. अर्थ तयार होतच नाही, असं काही तो म्हणत नाही. आपण बोलताना व्याकरण मुद्दाम वापरत नाही, तरी वाक्यात व्याकरण असतंच. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन समीक्षकांनी १९४६ मध्येच मांडलं होतं की लेखकाचा हेतू आपल्या हाती नसतो आणि कृती चांगली की वाईट हे ठरवायला तो लागतही नाही. हा वाद अजून संपलेला नाही, आणि प्रवेश परीक्षेच्या तीन तासांत तू तो संपवावास अशी कुणाची अपेक्षाही नाही. तुझ्यापुरता व्यवहार एवढाच: उत्तरपत्रिकेत 'लेखकाला असे म्हणायचे आहे' हे वाक्य लिहू नकोस. 'या प्रवेशात रक्त असे काम करते', 'कविता इथे असे सुचवते' असं लिही. लेखकाच्या मनात शिरायला आपल्याला परवाना नाही, पानावर शिरायला आहे.

आता आपल्या भाषेतली कविता घेऊ, कारण खरी मजा तिथे आहे. बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळी. तुझी पाठ असेल, नसेल तर आज कर. या आठ ओळींवर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की त्याचं एक कपाट भरेल. कुणाला त्या झाडात विरक्त योगी दिसला, कुणाला उदासी, कुणाला मृत्यूची ओढ. यातला कुठला अर्थ बरोबर, असं तू विचारशील. मी विचारते, यांतला कुठला अर्थ आठही ओळींना पुरतो?

चल, वस्तू मोजू. झरा, टेकडी, चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, कुरण, डोह आणि झाड. रंग बघ: हिरवाळी, निळासावळा, पुन्हा हिरवा, मग पांढरी पायवाट, परत हिरवं कुरण, आणि त्यानंतर काळा डोह, काळिमा. उजेडातून अंधाराकडे कविता उतरत जाते आणि तिला तिकडे नेते ती पांढरी पायवाट. गाव आहे पण माणूस एकही नाही. वाट आहे, तिच्यावरून चालणारं कुणी नाही, वाट स्वतःच 'चालली' आहे. सबंध कवितेत माणसासारखं वागणारा एकच आहे, तो म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. आणि त्याचं नाव कवितेचा शेवटचा शब्द म्हणून येतं. शीर्षकात वाचलेलं झाड भेटायला आपल्याला आठ ओळी चालत जावं लागतं.

आता 'डोह म्हणजे मृत्यूचे भय' हा यादीतला अर्थ लावून बघ. 'काळ्या' या शब्दापर्यंत तो टिकतो. पुढच्या ओळीत बालकवी त्या काळिम्याला 'गोड' म्हणतात, आणि तुझं भय तिथे कोसळतं. मृत्यूच म्हणायचा असेल तर त्याची ओढ म्हणावी लागेल. विरक्ती म्हणायची असेल तर तिच्यात सुख आहे हे मानावं लागेल. नुसती उदासी म्हणशील तर तिलाही गोडवा द्यावा लागेल. एक विशेषण तुझ्या तिन्ही अर्थांची परीक्षा घेतं. तुझ्या पत्रातला रस्ता म्हणजे आयुष्य हा अर्थसुद्धा इथे पूर्ण चुकीचा नाही, पण ही वाट पांढरी का, अडवीतिडवी का, आणि तिच्यावर कुणीच का नाही, याचं उत्तर त्यात नाही.

या कवितेत दोन सापळेही आहेत. पहिला श्रद्धेचा. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो, आणि मुलं सरळ गुरुचरणी जातात. आठवावा, त्याने योग्याच्या अर्थाला बळच मिळतं, पण ओळींमध्ये देव, पूजा, पार यांतलं काही नाही हेही त्याच दमात लिहावं. दुसरा सापळा चरित्राचा. बालकवी १९१८ मध्ये ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात गेले. त्यामुळे काळा डोह दिसला की 'कवीला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती' असं वाक्य मोहात पाडतं. कविता लिहिताना त्यांना अपघात माहीत नव्हता, आपल्याला माहीत आहे. आपलं नंतरचं ज्ञान कवितेच्या खिशात घालू नये.

एक फरक इथेच सांगून टाकते, मोठा नाही पण गुण घालवतो. ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' (१९४५) ही रूपककथा आहे. तिथे नेपोलियन नावाचं डुक्कर म्हणजे सोव्हिएत हुकूमशहा स्टालिन, स्नोबॉल नावाचं डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, अशा जोड्या बऱ्यापैकी लावता येतात आणि लावायच्याच असतात. औदुंबराची अशी जोडी लागत नाही. तुझी यादी रूपककथेसाठी चालली असती. प्रश्नात कुठला शब्द वापरलाय, प्रतिमा, प्रतीक की रूपक, ते दोनदा वाच.

आशयसूत्राकडे येते. तू एक शब्द लिहून अडतेस, त्यात तुझी चूक कमी आहे. शाळेत आपल्याला 'तात्पर्य' काढायला शिकवतात, आणि मोठेपणी आपण 'हॅम्लेट'चंही तात्पर्य काढायला बसतो. 'महत्त्वाकांक्षा' हा 'मॅक्बेथ'चा विषय झाला. 'अति महत्त्वाकांक्षा वाईट' हे तात्पर्य झालं, आणि त्यासाठी पाच अंकांचं नाटक लिहायची गरज नव्हती, भिंतीवर पाटी लावून भागलं असतं. आशयसूत्र हे या नाटकातूनच निघालेलं पूर्ण वाक्य असतं. खुनाच्या रात्री मॅक्बेथला आवाज ऐकू येतो की त्याने झोपेचाच खून केलाय. पुढे त्याची बायको त्याला सांगते की तुला झोपेची गरज आहे. आणि शेवटी तीच झोपेत भटकते. आता वाक्य कर: 'जे मिळवण्यासाठी हे दोघे खून करतात, ते भोगायची त्यांची ताकद तो खूनच काढून घेतो.' सिंहासन मिळालं, झोप गेली. विषयाला क्रियापद जोडलं की तो हलायला लागतो. आणि बघ, रक्त आणि झोप ही दोन्ही प्रतीकं त्या वाक्यात आपोआप येऊन बसली. प्रतीकाचं उत्तर आणि आशयसूत्राचं उत्तर ही वेगवेगळी पाठांतरं नसतातच.

आता न वाचलेला उतारा. त्यावरच्या बहुपर्यायी प्रश्नांची तुला भीती वाटत असणार, म्हणून मीच एक उतारा रचते:

'दादाच्या खोलीला कुलूप होतं. तो गेला त्या वर्षीच किल्ली कुठेतरी हरवली. तरी दर रविवारी आई तेलाची वाटी घेऊन त्या दाराशी बसे आणि कापसाच्या बोळ्याने कुलपात थेंब थेंब सोडी. "गंजायला नको," एवढंच म्हणे. बाबा तेवढा वेळ पेपर उघडून बसत. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नसे.'

प्रश्न: उताऱ्यातील कुलूप काय सूचित करते? (अ) कुटुंबाने लपवलेले गुपित. (ब) आईचा ढळलेला मानसिक तोल. (क) दादा परत येईल ही न बोललेली आशा. (ड) घराच्या सुरक्षिततेची काळजी.

'अ' हा यादीतून आलेला पर्याय आहे. कुलूप म्हणजे गुपित, हे जगात कुठेही खरं, फक्त या उताऱ्यात त्याला आधार नाही. कुणीच काही लपवत नाही. 'ब' फार पुढे जातो. उताऱ्यात हुरहूर आहे, वेड नाही. टोकाचा शब्द दिसला की थबकायचं. 'ड' वस्तूला वस्तूच ठेवतो, पण किल्लीच नसलेल्या कुलपाची निगा सुरक्षिततेसाठी कशाला? राहिला 'क'. आता त्याला फक्त उरला म्हणून निवडू नकोस, सिद्ध कर. कुलूप बंद राहावं म्हणून कुणी तेल घालत नाही. तेल घालतात ते उघडताना अडू नये म्हणून. आई उघडण्याची तयारी करते आहे. म्हणजे या उताऱ्यात अर्थ कुलपात नाहीच, तेलात आहे. आणि बाबांच्या न उलटणाऱ्या पानात. 'गेला' म्हणजे घर सोडून गेला की वारला, हे मी मुद्दाम सांगितलेलं नाही. वारला असेल तर तीच आशा जास्तच भिववणारी होते, पर्याय मात्र तोच राहतो.

परीक्षेत अशा उताऱ्यात नामांपेक्षा क्रियापदांकडे बघत जा. यादी नामांची असते, गोष्ट क्रियापदांत घडते.

दीर्घोत्तराबद्दल फार सांगत नाही, कारण वरचं जमलं की ते जमतं. पहिल्याच वाक्यात दावा कर, प्रस्तावनेत लेखकाचं जन्मसाल आणि 'साहित्य हा समाजाचा आरसा' वगैरे नको. एका परिच्छेदात एकच जागा घे, तिथले दोन-तीनच शब्द अवतरणात टाक आणि त्या शब्दांनी काय होतं ते त्यापुढच्या दोन वाक्यांत सांग. लांब अवतरण म्हणजे वेळ काढणं, हे परीक्षकांना लांबूनही कळतं. आणि शक्य असेल तिथे तुझ्या अर्थाला न जुळणारी एक ओळ स्वतःहून पुढे आण, त्या 'गोड'सारखी. अडचण लपवणाऱ्यापेक्षा ती दाखवून वाट काढणाऱ्याला जास्त गुण मिळतात, निदान मी तपासायला बसते तेव्हा तरी.

उरलेल्या दोन महिन्यांत गाइड बंद करून कपाटात टाक, अगदी फेकू नकोस, कथानक विसरलं तर लागेल. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक पुस्तकाला वहीचं एक पान दे. त्यावर त्या पुस्तकात परत परत येणाऱ्या दोन-तीन वस्तू, प्रत्येकीच्या तीन जागा, आणि पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत काय बदललं त्याचं एक वाक्य. बदल सापडला नाही तर ती वस्तू खोडून टाक. बहुतेक ती नुसतीच वस्तू असेल. टेबल हे पुष्कळदा टेबलच असतं, आणि तसं म्हणायलाही धीर लागतो.

सुरुवात 'औदुंबर'पासून कर. पायवाट पांढरीच का, यावर दहा ओळी लिहून मला पाठव. 'पांढरा म्हणजे पावित्र्य' एवढं सोडून काहीही चालेल.

– तुझी ताई